घरट्यातलं चौथं पिल्लू: काळ्या करकोच्यांचा एक सिझन आणि आमच्या हॉलमधली पोरं

पार्श्वभूमी

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला एक चार मजली अपार्टमेंट आहे, पार्किंगच्या मागं छोटा हॉल आणि हॉलमध्ये गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशातून घेतलेला मोठा टीव्ही. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की दुपारभर पोरं तिथंच असतात. त्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंनी, म्हणजे आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या बाईंनी, टीव्हीला नेट जोडून घेतलं आणि एस्टोनियातल्या जंगलातल्या एका घरट्याचा लाइव्ह कॅमेरा लावून दिला. घरटं काळ्या करकोच्याचं. माणसांची नावं मी काढून टाकलीत, घरटं कुठलं आणि साल कुठलं हेही मुद्दाम सांगत नाही, पण घडलं ते असंच घडलं, आणि मुलांबरोबर असं काही बघायचा विचार करणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पक्ष्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काळा करकोचा म्हणजे साधारण तीन किलोचा पक्षी, पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास, अंग काळं पण उन्हात हिरवट जांभळी चमक मारतं, पोट पांढरं, चोच आणि पाय लालभडक. पांढरा करकोचा तिकडं विजेच्या खांबावर, घराच्या धुराड्यावर, माणसांच्या डोळ्यांसमोर घरटं करतो, हा मात्र तसला अजिबात नाही. ह्याला जुनं, शांत जंगल लागतं, मोठं झाड लागतं आणि उडत जाता येईल एवढ्या अंतरावर मासे असलेले ओढे लागतात. जंगलतोड, ओढे सरळ करून शेतीसाठी पाणी काढून देणं आणि एकूणच माणसांची वर्दळ यामुळं एस्टोनियात त्याची जोडपी खूप कमी झालीत, तिथल्या कायद्यात त्याला सगळ्यात वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. कोत्काक्लुबी नावाची गरुड आणि करकोच्यांवर काम करणारी तिथली संस्था असे कॅमेरे चालवते. कॅमेरा बसवायचा तर पक्षी आफ्रिकेत गेलेले असताना बसवावा लागतो, कारण एकदा ते घरट्यावर आले की झाडाजवळ फिरकणंसुद्धा धोक्याचं.

आपल्याकडंही हा पक्षी हिवाळ्यात येतो, पण ते पाहुणे मंगोलिया आणि मध्य आशियाच्या बाजूचे. एस्टोनियातले बहुतेक इस्रायलवरून आफ्रिकेकडं उतरतात. पोरांना हे कळल्यावर थोडी निराशा झाली, त्यांना वाटत होतं हेच दोघं डिसेंबरमध्ये आपल्या पंचगंगेवर दिसतील.

उन्हाळ्यात एस्टोनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं असतं. जूनमध्ये तिथं सूर्य रात्री दहानंतर मावळतो, म्हणजे आपल्याकडं साडेबारा वाजून जातात तरी त्या घरट्यावर उजेड असतो. हा तपशील लक्षात ठेवा, पुढं महत्त्वाचा आहे. आपली पोरं जेवून हॉलमध्ये यायची तेव्हा तिथं भर संध्याकाळ, पक्ष्यांची खायला आणायची वेळ.

एप्रिलच्या शेवटापर्यंत पाच अंडी झाली, एक दिवसाआड एक. दोघंही आळीपाळीनं बसायचे, कोण उठलं, कोण बसलं, काडी कुणी आणली, शेवाळ कुणी अंथरलं याची पोरांनी वही केली. सुरुवातीला वहीत एवढंच असायचं, "नर आला. मादी उठली. अंडी फिरवली." सहावीतली एक मुलगी तर एवढी नेटकी लिहायची की नंतर सगळ्यांनी तिचीच वही प्रमाण मानली.

अडचण कुठं सुरू झाली

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पिल्लं बाहेर यायला लागली. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे. हे पक्षी सगळी अंडी होईपर्यंत थांबत नाहीत, पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसतात, त्यामुळं पिल्लं एकाच दिवशी येत नाहीत. पहिलं पिल्लू चांगलं बाळसं धरून बसलेलं असतं तेव्हा शेवटचं अजून कवच फोडत असतं. ह्या घरट्यात पाचवं अंडं फुटलंच नाही आणि चौथं पिल्लू पहिल्यापेक्षा जवळजवळ आठवड्यानं लहान होतं. पोरांनी लगेच त्याला बारक्या म्हणायला सुरुवात केली. बाकीच्या तिघांना नावं ठेवलीच नाहीत, ते नुसते पहिला, दुसरा, तिसरा. नाव फक्त ह्याला मिळालं.

करकोचा पिल्लांच्या चोचीत घास देत नाही. येतो, घरट्याच्या मध्यभागी मासे ओकतो आणि पिल्लं ते उचलून खातात. म्हणजे ज्याची मान उंच आणि चोच मोठी तो आधी खाणार. मासे भरपूर असले की मोठ्यांची पोटं भरून खाली उरतं आणि बारक्यालाही मिळतं. पहिले आठ-दहा दिवस असंच चाललं होतं, एक पक्षी सतत घरट्यात, ऊन झालं की पंख पसरून सावली धरणारा, दुसरा सारखा ये-जा करणारा, आणि बारक्याही तसा ठीक होता.

मग तिकडं पावसानं ओढ दिली. ओढे आटले की मासे खोल डोहात जातात किंवा संपतात, पक्ष्याला लांब जावं लागतं. हे आम्हाला कॅमेऱ्यात दिसत नव्हतं, पण वहीत दिसायला लागलं. आधी दिवसातून चार-पाचदा खाणं यायचं, ते दोनदा-तीनदा झालं आणि मासे पण बोटभर. सहावीतल्या मुलीनं आपणहून वहीत एक नवीन रकाना आखला, "बारक्यानं खाल्लं का". त्या रकान्यात "नाही" वाढत चाललं. मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट तो रकाना होता, कारण मोठ्या माणसांना जे दिसत होतं पण बोलायचं नव्हतं ते त्या पोरीनं कागदावर मांडलं.

एका संध्याकाळी चौथीतला एक पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, बारक्याला खायाला मिळंना झालंय ओ. त्यो मरणार काय?"

बाईंनी त्याला लगेच "नाही रे" म्हटलं नाही. म्हणाल्या, "मरू शकतो. उद्या आपण यावर बोलू."

समोर असलेले पर्याय

त्याच रात्री जिन्याजवळ मोठ्यांची बैठक झाली, बैठक म्हणजे सात-आठ जणं उभी राहून बोलत होती. मुद्दा असा की पिल्लू मरायला टेकलंय, हॉलमध्ये चौथीपासून नववीपर्यंतची पोरं आहेत, पंधरवड्यात शाळा सुरू होणार आहेत, आता करायचं काय.

चौथीतल्या पोराच्या आईचं म्हणणं सरळ होतं, टीव्ही बंद करा. "एवढ्या लहान पोरांनी हे बघायची काय गरज आहे, शाळा सुरू होतीये तसाही विषय संपेल." यात चूक काहीच नव्हतं. अडचण एवढीच की मोठ्या पोरांच्या मोबाईलवर तोच कॅमेरा चालू होता आणि हॉलमधला टीव्ही बंद केला तर ती आपापल्या खोलीत एकटी बघणार. एकट्यानं बघणं हे सगळ्यात वाईट, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुसरा पर्याय तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी काढला, लाइव्ह बंद करून बाईंनी आधी रेकॉर्डिंग बघायचं आणि त्यातलं निवडक दाखवायचं. ऐकायला बरं वाटतं. पण बाई म्हणाल्या, दीड महिना आपण त्यांना सांगतोय की जे दिसेल ते लिहा, वगळू नका, आणि आता आपणच वगळायचं का. शिवाय बारक्या एक दिवस अचानक दिसेनासा झाला तर पोरं विचारणारच की तो कुठं गेला.

तिसरा पर्याय सोसायटीच्या चेअरमन अप्पांचा. अप्पा करवीर तालुक्यातले, शेतकरी घरातले, गोठ्यात वाढलेले. त्यांच्या मते काही करायला नको, पोरांना सगळं कळतं, गावाकडं आम्ही शेळीचं करडू मेलेलं बघतच मोठे झालो. यातही तथ्य होतं, पण अप्पांच्या लहानपणी मेलेल्या करडाजवळ आजी, आई, गडी अशी घरची चार माणसं असायची, कुणीतरी हात धरून बाजूला न्यायचं. ती माणसं नसतील तर नुसतं "कळतं" म्हणून भागत नाही.

आणि चौथा पर्याय पोरांचाच होता, जो दुसऱ्या दिवशी समोर आला. तिकडच्या लोकांना लिहायचं की मासे टाका किंवा बारक्याला खाली काढा. मोठ्यांकडून पैसे मागून त्यांनी डबा सुद्धा भरायला घेतला होता. ह्या पर्यायाला एका माणसाचा जोरदार पाठिंबा मिळाला, शेजारच्या गल्लीतला कबुतरं पाळणारा एक तरुण. कोल्हापुरात पेठांमध्ये कबुतरांचा नाद किती आहे हे सांगायला नको. तो म्हणाला, कबुतराची दोन अंडी, दुसरं पिल्लू मागून येतं, कित्येकदा मागं पडतं, "मी रोज दोन्हीच्या पोटाला हात लावून बघतो, मागचं रिकामं असलं की त्याला हातानं भरवतो न्हाईतर दुसऱ्या जोडीखाली ठेवतो. जगतंय की. मग ह्यांना का जमंना?"

ह्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं होतं आणि ते "निसर्गाचा नियम" म्हणून टोलवण्यासारखं नव्हतं.

काय केलं

बाईंनी ठरवलं, टीव्ही चालू राहील पण काही गोष्टी पाळायच्या. संध्याकाळी हॉलमध्ये बाई किंवा दुसरं कुणीतरी मोठं माणूस असल्याशिवाय कॅमेरा लावायचा नाही. कुणालाही कधीही उठून जायची मुभा, कारण विचारायचं नाही. ज्या पालकांना नको असेल त्यांच्या मुलाला बाई स्वतः दुसऱ्या कामाला लावतील. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पोरांना आधी सांगायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच सांगितलं, साध्या भाषेत. बारक्या बहुतेक जगणार नाही. तो भुकेनं मरू शकतो. आणि कधी कधी काळ्या करकोच्यांमध्ये असंही होतं की मोठा पक्षीच सगळ्यात अशक्त पिल्लाला मारतो किंवा घरट्याबाहेर टाकतो, पोलंडमध्ये अभ्यासकांनी हे बघून लिहून ठेवलंय. हे सांगितल्यावर हॉलमध्ये एकदम गोंधळ झाला. एक मुलगी म्हणाली असं कधी होतंय का, आई-बाप असं करतील का. बाईंनी वही उघडायला लावली. दिवसाला किती वेळा खाणं येतंय ते पोरांनीच मोजलं, ते चौघांना पुरत नाहीये हे पोरांनीच बोलून दाखवलं. चौघांत वाटलं तर चौघंही अशक्त राहतील आणि ऑगस्टमध्ये हजारो किलोमीटर उडायची ताकद एकालाही राहणार नाही, हे मात्र बाईंना सांगावं लागलं.

तिसऱ्या दिवशी, रात्री साडेआठच्या सुमाराला, तिथं सहा वाजले असतील, मोठा पक्षी आला, थोडे मासे ओकला, तिघांनी खाल्ले. बारक्या कडेला होता, मान वर धरता येत नव्हती. पक्षी बराच वेळ त्याच्याकडं बघत उभा राहिला, मग त्यानं त्याला चोचीत धरलं, खाली ठेवलं, परत धरलं आणि घरट्याच्या कडेवरून सोडून दिलं. हॉलमध्ये सहा पोरं होती, एक आजी आणि बाई.

बाईंनी त्या क्षणी जे केलं ते मला फार योग्य वाटतं. टीव्ही झटकन बंद केला नाही, कारण तसं केलं असतं तर काहीतरी बघू नये असं घडलं हेच पोरांच्या डोक्यात राहिलं असतं. त्यांनी हॉलचे सगळे लाइट लावले, आवाज बंद केला आणि टीव्हीकडं पाठ करून पोरांसमोर खाली बसल्या, म्हणजे पोरांना बघायचंच असेल तर बाईंच्या खांद्यावरून दिसत होतं, पण समोर बाईंचा चेहरा होता. म्हणाल्या, त्या पक्ष्याला राग आलेला नाही, त्याला बारक्या नकोसा झाला असंही नाही, त्याच्याजवळ आपल्यासारखा विचार नाही, आणि तुम्हाला जे वाटतंय ते वाटणं बरोबर आहे. मग दोघं रडली, आजींनी त्यांना जवळ घेतलं. घरी सोडताना बाई प्रत्येकाच्या दारापर्यंत गेल्या आणि पोर बोलायच्या आधी आईवडिलांना स्वतः सांगितलं की आज काय दिसलं आणि काय बोललो. ह्या एका गोष्टीनं दुसऱ्या दिवशीची निम्मी भांडणं वाचली.

तरी चौथीतला पोरगा यायचा बंद झाला. चार दिवसांनी त्याच्या आजीकडून कळलं की तो जेवताना सारखा ताटाकडं बघतो, भावंडांना आधी वाढ म्हणतो. घरात तीन पोरं, हा सगळ्यात धाकटा, आणि घरात त्यालाही "बारक्या" म्हणूनच हाक मारत होते. हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं! बाई त्याच्या घरी गेल्या, आईला शेजारी बसवून घेतलं आणि त्यालाच बोलू दिलं. त्यानं विचारलं, "आमच्यात पण कमी पडलं तर?" त्याच्या आईनं जे उत्तर दिलं ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. म्हणाली, आपल्यात कमी पडलं की आधी मी कमी खाते, मग तुझा बाप, मग शेजारून मागून आणतो, तुझ्यापर्यंत कमी पडत नाही. बाईंनी त्यावर एक शब्द वाढवला नाही.

पैसे आणि पत्र

मोठ्या पोरांचा जोर मात्र अजून पत्रावर होता, आता उरलेल्या तिघांसाठी. मसुदा तयार होता, त्यात "ताबडतोब" हा शब्द तीनदा. बाईंनी नको म्हटलं नाही, म्हणाल्या आधी तिघांनी बसून शोधा की मदत करायची झाली तर कशी करतात.

त्यातून जे निघालं ते असं. पिल्लू घरट्यातून काढलं तर ते परत घरट्यात ठेवून उपयोग नसतो, खाणं कमी आहे हे कारण तसंच राहतं. त्याला दोन महिने हातानं वाढवावं लागतं, त्यात ते माणसाळतं, आणि माणसाळलेला करकोचा ओढ्यावर मासे धरायला आणि इतरांबरोबर आफ्रिकेला जायला शिकणं अवघड. कबुतराचं तसं नाही, कबुतर मुळातच माणसाजवळ राहणार असतं, त्याच्या खुराड्यात हात घातला तर जोडी पळून जात नाही. हे त्या कबुतरवाल्या तरुणाला लगेच पटलं, तो म्हणाला पहिल्यांदा पाळलेली जोडी पण खुराड्यात फार हात घातला की अंडी टाकते. काळा करकोचा तर जंगलातला भित्रा पक्षी, त्याच्या झाडावर चढायचं म्हणजे उरलेल्या तिघांचाही जीव टांगणीला. ओढ्यात मासे सोडून मदत करणं मात्र खरंच होतं, एस्टोनियात गरज पडली तेव्हा पक्षी जिथं चरतो तिथं जिवंत मासे ठेवल्याची उदाहरणं आहेत. पण त्यासाठी तो पक्षी नेमका कुठं चरतो हे माहीत पाहिजे आणि परवानगी पाहिजे.

पोरांनी शेवटी पत्र पाठवलं नाही. कारण त्यांनीच लिहून ठेवलं, "ते पण हेच बघत आहेत आणि त्यांना ओढा माहीत आहे." डब्यातल्या पैशाचं काय यावर दोन दिवस वाद झाला, कुणी म्हणालं परत द्या, कुणी म्हणालं तिकडंच पाठवा, मग सगळ्या देणाऱ्यांना विचारून एक साधी दुर्बीण घेतली, ती सोसायटीच्या कपाटात असते आणि वहीत सही करून नेता येते.

मी इथं थोडा थांबेन. आपल्याकडं भूतदया म्हटलं की लगेच हात पुढं करायचा, जखमी पाखरू दिसलं की घरात आणून दूध-पाव भरवायचा, हे फार चांगल्या मनानं होतं आणि त्यात कितीतरी पिल्लं मरतात. उडायला शिकणारं धडधाकट पिल्लूसुद्धा "पडलंय बिचारं" म्हणून उचलून आणतात. हात कधी घालायचा आणि कधी मागं घ्यायचा हे माहीत असणं हीसुद्धा दयाच आहे, आणि ते शिकवायची संधी ह्या प्रकरणात पोरांना मिळाली असं मला मनापासून वाटतं.

रिंग घालायचा दिवस

जुलैमध्ये तिकडं पाऊस झाला आणि खाणं सुधारलं. पिल्लांना काळी पिसं फुटली, पाय ताणून उभी राहायला लागली. मग एक दिवस कॅमेऱ्यात एक माणूस दिसला, दोरानं वर आला, पिल्लं घरट्यात सपाट पडून राहिली, त्यानं एकेकाच्या पायात रिंग घातली आणि थोड्या वेळात खाली गेला.

चौथीतला पोरगा त्या दिवशी हॉलमध्ये आला होता, महिन्याभरानंतर पहिल्यांदा. त्यानं जो प्रश्न विचारला तो मला वाटतं सगळ्यात कठीण प्रश्न होता. "आता चढला की ओ माणूस वर. मग तवा का न्हाई चढला?"

बाईंनी मोठ्या पोरांकडं बघितलं, उत्तर त्यांनी द्यायचं होतं. नववीतल्या मुलानं दिलं. रिंग घालायची वेळ ठरलेली असते, पिल्लं एवढी मोठी की थोडा वेळ आई-बाप नसले तरी गारठत नाहीत आणि एवढी लहान की घाबरून घरट्यातून उडी टाकत नाहीत. चढणारा शिकलेला असतो, परवानगी असते, पटकन उतरतो. आणि रिंगवरचा नंबर पुढं कुठंही दिसला, इस्रायलमध्ये, आफ्रिकेत, तर हे कुठल्या घरट्यातलं ते कळतं, मग वाटेत कुठं मरतात, कुठं थांबतात हे कळतं आणि ती ठिकाणं वाचवता येतात. चौथीतल्या पोराला हे सगळं पटलं असं नाही. तो म्हणाला, "तरी पण." बाई म्हणाल्या, "तरी पण वाटतंच." एवढ्यावर तो विषय सोडला.

निकाल

पिल्लं साधारण पासष्ट ते सत्तर दिवसांची झाली की उडतात. हिशेबानं तो दिवस जुलै संपता संपता किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येणार होता आणि पोरांनी तारखांच्या पैजा लावल्या होत्या. पण त्याच आठवड्यात कोल्हापुरात पावसानं झोडपलं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं इशाऱ्याची 39 फुटांची पातळी ओलांडली आणि 43 फुटांच्या धोका पातळीकडं निघाली. नदीकाठच्या पेठांतली काही नातेवाईक मंडळी सामानासकट आमच्या अपार्टमेंटमध्ये आली, त्यातली दोन कुटुंबं हॉलमध्येच राहिली, टीव्हीवर दिवसभर पाण्याची पातळी. लाइट जाऊन-येऊन. पहिल्या पिल्लाची पहिली झेप कुणीच लाइव्ह बघितली नाही, पाणी उतरल्यावर रेकॉर्डिंग बघितलं.

तिन्ही पिल्लं उडाली. उडाल्यावर काही दिवस घरट्यावर येऊन खात होती, मग एकेक करत यायची बंद झाली, ऑगस्टच्या शेवटी घरटं मोकळं.

पोरांचं काय झालं हे जास्त महत्त्वाचं. सहा जणांपैकी पाच जण शेवटपर्यंत राहिले आणि सहावा रिंगच्या दिवशी परत आला. सहावीतल्या मुलीची वही तिच्या शाळेत प्रदर्शनात लागली, "बारक्यानं खाल्लं का" ह्या रकान्यासकट, बाईंनी तो काढू दिला नाही. आणि एक अनपेक्षित गोष्ट हिवाळ्यात झाली. अप्पांच्या गावाकडं ओढ्याजवळच्या झाडावर पांढऱ्या मानेच्या करकोच्याची जोडी काड्या नेताना दिसली. आमच्यातला एक मोठा मुलगा लग्नाच्या शूटिंगला ड्रोन उडवतो, तो म्हणाला वरून मस्त व्हिडिओ घेऊया. पोरांनीच त्याला अडवलं, चौथीतला सगळ्यात पुढं. रस्त्यावरून दुर्बिणीनं बघायचं, झाडाखाली जायचं नाही, ठिकाणाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, असं ठरलं आणि पाळलं गेलं. अप्पांनी शेजारच्या शेतकऱ्याला बोलून ते झाड तोडायचं पुढं ढकललं.

काय वेगळं करता येईल

अशक्त पिल्लू मरू शकतं हे पोरांना जूनमध्ये कळलं, तेव्हा त्यांचा जीव त्याच्यात अडकून गेला होता. हे एप्रिलमध्ये, अंडी मोजतानाच सांगता येतं. पाच अंडी म्हणजे पाच उडणारे पक्षी नव्हे, हे तेव्हा ऐकायला सोपं जातं.

नावाचं मला अजून नीट ठरवता येत नाही. नावं ठेवू नका म्हटलं तरी पोरं ठेवणारच. निदान घरातल्या कुणा पोराचं हाकेचं नाव त्यात येत नाही ना, एवढं मोठ्यांनी बघायला हवं. आणि ठेवलीच तर सगळ्यांना ठेवा, एकट्या दुबळ्याला नको.

रात्रीच्या वेळेचा विचार आधी करायला हवा. आपल्या जेवणानंतर तिथं पिल्लांना भरवायची वेळ असते, म्हणजे जे काही बरं-वाईट घडायचं ते पोरांच्या झोपेच्या आधी घडणार. लहानांसाठी दुपारची वेळ ठेवली तर नंतर बोलायला, खेळायला वेळ मिळतो, मनात घेऊन झोपायला जावं लागत नाही.

मोठ्या पोरांच्या मोबाईलचं काही ठरलं नव्हतं. हॉलमध्ये नियम आणि खोलीत मोकळं, यामुळं दोघांनी बारक्याचा तो प्रसंग पुन्हा पुन्हा एकट्यानं बघितला हे उशिरा कळलं. पालकांशी हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं.

पावसाचं राहिलंच. पोरं खाण्याच्या फेऱ्या मोजत होती पण तिकडं पाऊस पडतोय की नाही हे कुणी लिहीत नव्हतं, आणि खरं कारण तर तेच होतं. पुढच्या वहीत सहावीतल्या मुलीनं, आता ती सातवीत गेलीये, तारखेच्या शेजारचा पहिला रकाना पावसाचा आखलाय, तिकडचा आणि आपला, दोन्ही.